तबकडीवर एक नाव, घडवणारे हात अनेक

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये घडलेलं एखादं मँटेल घड्याळ समोर आलं, की नजर आधी तबकडीवर जाते आणि तबकडीवर एक नाव असतं. लपोत, लेपीन, रोबँ, बेर्तू. पाहणाऱ्याला वाटतं, हे घड्याळ या माणसानं घडवलं. त्यानं आतलं मशीन जुळवलं, एवढंच खरं. भोवतालचा सोनेरी देह, त्यावरच्या पानाफुलांच्या माळा, टेकून बसलेल्या स्त्रियांच्या मूर्ती, पायथ्याशी जडवलेले चिनी मातीचे रंगीत फलक, यांतल्या कशालाही त्याचा हात लागलेला नसे. इतकंच काय, ज्या पांढऱ्या तबकडीवर त्याचं नाव आहे, तीही दुसऱ्याच कारागिरानं भाजलेली असे.

ही वाटणी कायद्यानं पाडलेली होती. पॅरिसमध्ये प्रत्येक धंद्याचा स्वतंत्र कारागीर-संघ होता आणि कुणी कुठलं काम करायचं हे संघाचे नियम ठरवत. १७७६ साली ओतारी, मुलामेवाले आणि धातूवर कोरीवकाम करणारे एका संघात आणले गेले. तोवर तर त्यांच्याही सीमा वेगळ्या होत्या. शिल्पकार मेणात किंवा मातीत नमुना करी. ओतारी तो ब्राँझमध्ये ओती. छिन्नीकाम करणारा ओतकामाचा खडबडीतपणा काढून एकेका पानाची शीर उठवी. मुलामेवाला सोनं चढवी, मीनाकाम करणारा तबकडी भाजी. या सगळ्यांना कामं वाटून देणारा, पैसा गुंतवणारा, गिऱ्हाईक गाठणारा असे एक व्यापारी, आणि त्याचं नाव घड्याळावर कुठेच नसे. ही घड्याळं पाहण्याची खरी गोडी त्या न लिहिलेल्या नावांच्या मागे जाण्यात आहे, असं मला वाटतं.

आधी मँटेल म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्या घरांत ही जागाच नसते. युरोपातल्या थंडीत दिवाणखान्याचा मध्य म्हणजे शेकोटी. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रान्समध्ये शेकोट्या बुटक्या होऊ लागल्या आणि त्यांच्या वर भिंतीत मोठा आरसा बसवण्याची पद्धत आली. शेकोटीच्या चौकटीवर आडवी संगमरवरी फळी, तिच्यामागे आरसा: ही फळी म्हणजे मँटेल. खोलीत शिरणाऱ्याची नजर तिथेच जाणार, म्हणून घरातली सर्वांत देखणी वस्तू तिथे ठेवायची. मधोमध घड्याळ आणि दोन्ही बाजूंना शमादानं किंवा फुलदाण्या, अशी मांडणी पुढे इतकी रूढ झाली, की एकोणिसाव्या शतकात असा तीन वस्तूंचा संचच विकला जाई. आरशामुळे घड्याळाची पाठही दिसे आणि मेणबत्त्यांचा उजेड सोन्यावरून दुप्पट होऊन परते. आज संग्रहालयातल्या विजेच्या स्थिर दिव्याखाली ही घड्याळं काहीशी भडक वाटतात. ती हलत्या, पिवळ्या उजेडासाठी बनवलेली होती, हे ध्यानात ठेवून पाहायला हवं.

१७५० पर्यंत फ्रेंच घड्याळाचा देह वळणावळणांचा होता. शिंपले, वेलांट्या, उजव्या-डाव्या बाजूंचा तोल मुद्दाम मोडलेला. ही रोकोको शैली. मग अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत सगळं सरळ झालं. ही नवअभिजात शैली. या बदलाची मुळं इटलीत जमिनीखाली होती. व्हेसूव्हियसच्या राखेत इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममध्ये १७३८ साली आणि पॉम्पेमध्ये १७४८ साली उत्खनन सुरू झालं. रोमन माणूस कुठल्या दिव्याखाली बसत होता, कुठल्या भांड्यातून पीत होता, भिंतीवर काय रंगवत होता, ते प्रथमच नजरेला पडू लागलं. १७४९ साली राजा पंधराव्या लुईच्या प्रेयसीनं, मादाम द पोंपादूरनं, आपल्या धाकट्या भावाला, पुढे मार्की द मारिन्यी म्हणून ओळखल्या गेलेल्या तरुणाला, इटलीच्या लांबलचक अभ्यासदौऱ्यावर पाठवलं. सोबत वास्तुकार सुफ्लो आणि चित्रकार-खोदकार कोशँ होते. पंधराव्या लुईच्या राजवाड्यांची आणि इमारतींची देखरेख पुढे याच भावाकडे आली, त्यामुळे त्याच्या डोळ्यांनी पाहिलेला रोम सरकारी कामांत उतरला. कोंत द केलूस या उमरावानं प्राचीन वस्तूंच्या चित्रांचे जाडजूड खंड १७५२ पासून छापायला सुरुवात केली. त्या पानांमधली भांडी, वेद्या आणि दिवे नमुने म्हणून कारागिरांच्या हाती आले.

घड्याळावर हे सगळं कसं उतरलं, ते एकदा ओळखता आलं, की नजर आपोआप थांबत थांबत फिरू लागते. उभ्या पन्हाळ्या पाडलेले खांब ग्रीक देवळांतून आले. मेंढ्याची मुंडकी आणि त्यांच्या शिंगांतून ओवलेल्या पानांच्या माळा रोमन वेद्यांवरून, जिथे खराखुरा बळी दिला जाई. लॉरेलची पानं विजयाची. झाकणाचा कलश मुळात अस्थी ठेवण्याचा, पण पॅरिसच्या दिवाणखान्यात तो निव्वळ सुंदर घाटापुरता उरला. चोच भिडवलेली कबुतरं व्हीनसची. बाणांचा भाता आणि पेटती मशाल क्यूपिडची. सततच्या चौकोनी वळणांची किनार ग्रीक नक्षीची, आणि तिच्या जोडीला बारीक मण्यांची ओळ जवळजवळ प्रत्येक काठाला.

कलशाच्या घाटाची घड्याळं या काळातली सर्वांत सुरेख, असा माझा कौल आहे. त्यांत नेहमीची तबकडीच नसते. कलशाच्या पोटाभोवती एकावर एक दोन पट्टे फिरतात, वरच्यावर तासांचे आकडे, खालच्यावर मिनिटांचे. काटा जागचा हलत नाही. कलशाला वेटोळं घातलेल्या सापाची जीभ किंवा शेपटी आकड्याकडे बोट दाखवते. शोभा आणि यंत्र इतकं एकजीव झालेलं पुढच्या शतकात क्वचितच दिसतं. तसाच दुसरा प्रकार लायर घड्याळांचा. लायर म्हणजे अपोलोचं तंतुवाद्य. १७८५ पासून चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या सेव्रच्या कारखान्यात लायरचा संपूर्ण घाट चिनी मातीत, गडद निळ्या, हिरव्या किंवा गुलाबी रंगात, घडू लागला. तबकडी लायरच्या मधोमध, आणि तिच्याभोवती चमकत्या काचमण्यांचं कडं. हे कडं म्हणजेच लंबक. तबकडी स्थिर आणि तिच्याभोवती मण्यांचं वर्तुळ झुलतं आहे, असं ते दृश्य. पॅले-रोयालमधला किनाब्ल नावाचा घड्याळजी असे बरेच घाट सेव्रकडून विकत घेई. व्हर्सायला सोळाव्या लुईच्या दालनांतही असं एक घड्याळ होतं.

आता फलकांकडे येऊ. सेव्रची कथा पॅरिसच्या पूर्वेला वँसेनच्या किल्ल्यात १७४० साली सुरू होते. त्याआधी तीस वर्षं, १७१० मध्ये, जर्मनीत माइसेन इथे चिनी पद्धतीची खरी पोर्सेलीन बनवणारा युरोपातला पहिला कारखाना उभा राहिला होता. त्याचं रहस्य म्हणजे केओलिन नावाची पांढरी माती, जी फ्रेंचांना सापडलेली नव्हती. त्यांनी दुसरी वाट काढली. वाळू, क्षार, तुरटी, जिप्सम असे पदार्थ एकत्र वितळवून त्याची काच करायची, ती दळायची, त्यात चुनखडी आणि थोडी चिकणमाती मिसळायची. ही मऊ पोर्सेलीन. घडवायला अतिशय त्रासाची, भट्टीत वाकणारी, तडकणारी. पण तिच्यावरच्या शिशाच्या झिलईत रंग असे मुरत, की चित्र पृष्ठभागाच्या आत असल्यासारखं दिसे. १७५६ मध्ये कारखाना सेव्रला हलला, १७५९ मध्ये पंधराव्या लुईनं तो पूर्णपणे स्वतःच्या मालकीचा केला. १७६८ साली लिमोजजवळ सें-तिर्येला केओलिन सापडलं आणि त्यानंतर सेव्रला कडक पोर्सेलीनही बनू लागली. तरी उत्तम फलकांसाठी मऊ मातीच पसंत केली जाई.

फलक सपाट असतो, म्हणजे सोपा असणार, असं कुणालाही वाटेल. कुंभाराला विचारा. गोल भांडं भट्टीत आपलं वजन आपणच तोलतं; सपाट पत्रा मात्र एका कोपऱ्याला उष्णता जास्त लागली तरी मुरडतो. म्हणून सुरुवातीचे फलक लहान होते. एक भाजणी कच्च्या मातीची, दुसरी झिलईची, मग जमिनीच्या, म्हणजे पार्श्वभूमीच्या, रंगाची, मग चित्राच्या रंगांच्या एकाहून अधिक भाजण्या, आणि शेवटी सर्वांत मंद आंचेवर सोन्याची. प्रत्येक रंग वेगळ्या उष्णतेला पिकतो, त्यामुळे आधी जास्त उष्णतेचे, मग कमी उष्णतेचे असा क्रम पाळावा लागे. शेवटच्या भाजणीत तडा गेला, तर आधीचं सगळं काम वाया. सोनं भट्टीतून निस्तेज निघतं. ते घासणीनं चमकवून त्यावर टोकदार हत्यारानं बारीक नक्षी उठवायची, हे पुन्हा वेगळ्या हाताचं काम.

रंग हे कारखान्याचं खरं धन होतं. रसायनतज्ज्ञ ज्याँ एलोनं १७५३ मध्ये तांब्यापासून आकाशी फिरोजी रंग सिद्ध केला. १७५७ च्या सुमारास गुलाबी आला. तो सोन्यापासून बनतो, हे कळल्यावर त्या रंगाकडे पाहण्याची नजरच बदलते. कोबाल्टचे निळे होतेच. रंगीत जमिनीच्या मधोमध पांढरी जागा राखायची, तिला सोन्याची चौकट द्यायची आणि तिच्यात फुलांचा गुच्छ, ढगांवरची बाळं, बंदरावरचे हमाल किंवा बागेतलं जोडपं रंगवायचं, ही सेव्रची ठरलेली मांडणी. पुढल्या शतकातल्या हजारो घड्याळांनी ती जशीच्या तशी उचलली.

भांडी बनवणाऱ्या कारखान्याचे फलक लाकडी सामानावर आणि घड्याळांवर चढवण्यामागे सिमोन-फिलिप प्वारिये या सें-ओनोरे रस्त्यावरच्या व्यापाऱ्याचा मोठा वाटा आहे. तो त्या वर्गातला, ज्याला स्वतःच्या हातानं काही घडवण्याची परवानगी नव्हती, पण इतरांनी घडवलेलं जुळवून विकण्याची मुभा होती. १७६० च्या आसपास त्यानं सेव्रकडून फलक घ्यायला सुरुवात केली आणि पाहता पाहता या फलकांचा तोच सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला. मार्तां कार्लेंसारख्या सुतारांकडून तो लहान मेजं, कपाटं बनवून घेई आणि त्यांवर फलक जडवी. त्याचा भागीदार आणि वारस दोमिनिक दाग्यर यानं हा व्यापार लंडनपर्यंत नेला. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुडनं १७७५ च्या सुमारास जास्पर नावाची माती सिद्ध केली होती: निळी किंवा हिरवी मंद जमीन आणि तिच्यावर पांढऱ्या उठावाच्या ग्रीक मूर्ती, कुठेही झिलई नाही. दाग्यरनं तिचे फलक पॅरिसमध्ये आणले. सेव्रनंही त्या धर्तीवर निळ्या जमिनीवर पांढऱ्या उठावाचे फलक केले. नवअभिजात घड्याळाला हाच जास्परचा फलक जास्त शोभतो, असं मला वाटतं. फुलांच्या गुच्छात अजून रोकोकोचा गोडवा रेंगाळतो.

संशोधकांच्या दृष्टीनं सेव्रच्या फलकाचं मोल त्याच्या पाठीवर आहे. १७५३ पासून कारखाना आपल्या मालावर एकमेकांत गुंफलेल्या दोन ‘एल’ अक्षरांची खूण करी आणि त्यांच्यामध्ये वर्षाचं अक्षर घाली. ‘ए’ म्हणजे १७५३, पुढे एकेक अक्षर; वर्णमाला संपल्यावर दुहेरी अक्षरं, राजेशाही कोसळेपर्यंत. बाजूला चित्रकाराची आणि सोनं चढवणाऱ्याची छोटी खूण. काही फलकांच्या मागे किमतीची कागदी चिठ्ठीसुद्धा चिकटलेली सापडते. कारखान्याच्या भट्टीच्या, पगाराच्या आणि विक्रीच्या वह्याही टिकून आहेत. ज्या हातांची नावं घड्याळाच्या दर्शनी भागावर कधीच आली नाहीत, त्यांची नोंद इथे, ब्राँझच्या चौकटीमागे, भिंतीकडे तोंड करून राहिली. तबकडी भाजणाऱ्यांचंही काहीसं असंच. जोझेफ कोतो हा त्यांतला सर्वश्रेष्ठ. राशी, महिने आणि सोन्याचे बारीक मणी तो तबकडीच्या काठावर अशा सफाईनं रंगवी, की भिंगाशिवाय त्याचं काम कळत नाही. तळाशी, काठाजवळ, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कधी कधी त्याची सही सापडते.

मुलामेवाल्याची सही मात्र जवळजवळ कधीच सापडत नाही, आणि सर्वांत मोठी किंमत त्यानंच मोजली. ब्राँझवर सोनं चढवण्याची जुनी रीत अशी: सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो ब्राँझवर ब्रशनं सारखा पसरायचा आणि वस्तू कोळशाच्या निखाऱ्यांवर धरायची. ३५७ अंश सेल्सिअसला पारा उकळतो आणि वाफ होऊन उडून जातो. सोनं धातूला धरून राहतं. जाड मुलाम्यासाठी हे दोनदा, तीनदा. मग काही भाग कठीण दगडानं घासून आरशासारखा करायचा आणि काही मुद्दाम मंद ठेवायचा. पिएर गुतियेर हा मंद मुलाम्याचा उस्ताद. एकाच मूर्तीत कापडाच्या घड्या चकचकीत आणि त्वचा मखमली दिसते, ती या युक्तीमुळे. आजही अडीचशे वर्षांपूर्वीचं हे सोनं काल चढवल्यासारखं दिसतं.

पण ती वाफ माणसाच्या छातीत जात होती. आधी हात थरथरत, मग तोंड सुजे, दात पडत, बुद्धी ढळे. मुलामेवाले फार जगत नसत, हे पॅरिसमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आंत्वान-आंद्रे राव्रियो हा नेपोलियनच्या काळातला नामांकित ब्राँझकार. त्याच्याच धंद्यात ही माणसं मरत होती, आणि ते त्याच्या मनाला लागलं. १८१४ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात ३००० फ्रँक ठेवलेले होते: मुलामेवाल्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो शोधेल त्याला बक्षीस म्हणून. रसायनतज्ज्ञ दार्से यानं ते जिंकलं. त्याची युक्ती साधी होती. मुलाम्याच्या भट्टीच्या धुराड्याला आणखी एक छोटी भट्टी जोडायची. तिच्या उष्णतेनं धुराड्यात जोराचा ओढा तयार होतो आणि पाऱ्याची वाफ कारागिराच्या तोंडावर न येता वर खेचली जाते. १८१८ साली त्यानं हा उपाय सविस्तर छापला. पुढे १८४० मध्ये इंग्लंडच्या एल्किंग्टननं विजेनं मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि स्वस्त कामांतून पारा हळूहळू हटला. वरच्या दर्जाच्या कामात तो बराच काळ राहिला, कारण विजेच्या पातळ सोन्याला ती खोली येत नव्हती. राव्रियोची घड्याळं आज संग्रहालयांत आहेत. मला त्याचं मृत्युपत्र त्यांहून थोर वाटतं.

आतल्या मशीनबद्दल थोडक्यात. दोन कमानी, दोन चाव्यांची भोकं: एक चालीसाठी, एक ठोक्यांसाठी. चावी एकदा दिली की आठवडा-पंधरवडा चाल. लंबक आखूड, कारण देहात जागाच तेवढी. सेकंदाला एक फेक घेणारा लंबक जवळजवळ एक मीटर लांब लागतो. इथे तो वीतभरही नसतो. मशीनच्या मागच्या पाट्यावर पुष्कळदा दोन छोटे आकडे कोरलेले असतात, जसे ५ आणि २. ही लंबकाची लांबी, जुन्या फ्रेंच मापात: ५ पूस २ लीन्य, म्हणजे सुमारे १४ सेंटिमीटर. असा लंबक मिनिटाला साधारण १६० फेका घेतो. जुन्या घड्याळांत लंबक रेशमी दोऱ्यावर टांगलेला असे. दमट हवेत दोरा ताणे-आखडे आणि चाल बदले. १८४० च्या सुमारास ब्रोको घराण्यानं पातळ पोलादी पट्टीची टांगणी आणली. तबकडीवर १२ च्या आकड्याजवळ एक बारीक भोक दिसलं, तर ते त्या टांगणीचं. तिथे छोटी चावी फिरवून घड्याळाची चाल जलद किंवा मंद करता येते.

फ्रेंच राज्यक्रांतीनं या सगळ्या जगाचे सांधे उखडले. १७९१ मध्ये कारागीर-संघ रद्द झाले. १७९३ च्या ऑगस्टपासून वर्षभर व्हर्सायच्या सामानाचा लिलाव चालला, त्यात १७ हजारांहून अधिक नग विकले गेले. त्याच वर्षी वेळेचीही फेररचना झाली: दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं, मिनिटाचे १०० सेकंद. काही घड्याळजींनी दोन्ही प्रकारच्या आकड्यांच्या तबकड्या बनवल्या. त्या आज फार दुर्मीळ आहेत. १७९५ च्या एप्रिलमध्ये सक्ती उठली आणि बारा तास परत आले.

सेव्र कसाबसा तगला. १८०० मध्ये त्याची सूत्रं अलेक्सांद्र ब्रोन्यारकडे आली. हा कुशल शास्त्रज्ञ. त्यानं कारखाना सावरला. १८०४ मध्ये त्यानं मऊ मातीचं उत्पादन थांबवलं आणि गोदामात पडून असलेला न रंगवलेला पांढरा माल विकून टाकला. पॅरिसमधल्या आणि लंडनमधल्या रंगाऱ्यांनी तो उचलला, त्यावर जुन्या पद्धतीची चित्रं काढली आणि तो जुना सेव्र म्हणून विकला. माती खरी, खूण कधी खरी कधी खोटी, चित्र नवं. संग्राहकांना आजही सर्वांत जास्त फसवणारा माल हाच आहे.

मग १८५२ ते १८७० चं दुसरं साम्राज्य आलं. तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी ही सोळाव्या लुईच्या राणीच्या, मारी आंत्वानेतच्या, आठवणींनी भारलेली होती. १८६७ साली तिनं व्हर्सायच्या पती त्रियानों महालात मारी आंत्वानेतच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. युजेनीची आवड ती शहराची आवड, आणि सोळाव्या लुईच्या काळाचे खांब, माळा, कलश पुन्हा दिवाणखान्यात अवतरले. या वेळी गिऱ्हाईक राजघराण्यांपुरतं नव्हतं. बँकवाले, कारखानदार, वकील, डॉक्टर, अटलांटिकपलीकडचे धनिक, सगळ्यांना शेकोटीवर असं घड्याळ हवं होतं, आणि यंत्रयुग ते पुरवू शकत होतं. स्विस सीमेजवळ बोकूरला फ्रेदेरिक झापीनं १७७७ मध्येच घड्याळाचे कच्चे सांगाडे बनवणारा कारखाना काढला होता. त्याच्या वारसांची आणि त्याच भागातल्या सॅम्युएल मार्तीची गोल मशीनं आता हजारोंनी पॅरिसला येत, तिथे देहात बसत. आज बाजारात, लिलावात किंवा कुणाच्या घरी जे निळ्या-गुलाबी फलकांचं सोनेरी घड्याळ दिसतं, ते जवळजवळ नेहमी या काळातलं, १८६० ते १९०० च्या दरम्यानचं असतं. त्याची तबकडीही बहुधा चिनी मातीची असते, मधोमध क्यूपिड, आणि तिच्यावरचं नाव पुष्कळदा घड्याळजीचंही नसून दुकानदाराचं. न्यूयॉर्कच्या टिफनीचं नाव असलेली फ्रेंच घड्याळं कितीतरी आहेत.

अशा घड्याळाला ‘नक्कल’ म्हणून बाजूला सारू नये, असं माझं ठाम मत आहे. चांगल्या हातचं ओतकाम आणि चांगल्या हातचं चित्र त्यांतही आहे. फक्त त्याची जात ओळखायला हवी. देह ब्राँझचा की जस्ताचा, हे आधी पाहावं. फिलिप मूरेसारख्या कारखानदारांनी जस्ताच्या ओतकामावर सोनेरी मुलामा देऊन स्वस्त आणि तरीही नेटका माल काढला. त्याच्या घड्याळांवर त्याच्या नावाचा ठसाही असतो. तळाच्या न दिसणाऱ्या भागात बारीक ओरखडा असेल, तर तिथे पाहावं: आतून पिवळा धातू दिसला तर ब्राँझ किंवा पितळ, करडा दिसला तर जस्त. मग फलक. रंग झिलईत मुरलेला आहे की वर बसलेला, चित्र ब्रशचं आहे की छापील रेषांवर रंग भरलेला, सोन्यावर हत्याराची नक्षी आहे की ते सपाट आहे, हे भिंगातून पाहावं. पाठीवर दोन ‘एल’ दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. त्यांच्यामध्ये ‘ए’ हे अक्षर आणि पुढच्या बाजूला मारी आंत्वानेतचं तरुण रूप असा फलक असेल, तर उत्तर तिथेच मिळतं: १७५३ मध्ये ती जन्मलीही नव्हती.

भारतात ही घड्याळं संस्थानिकांच्या आणि धनिक व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांत आली. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात घड्याळांचं स्वतंत्र दालन आहे आणि त्यात फ्रेंच घड्याळंही आहेत. तिथली गर्दी तासाचे ठोके देणाऱ्या एका इंग्रजी धाटणीच्या घड्याळाभोवती असते, तेव्हा बाकीची शांतपणे पाहता येतात. मुंबईत चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंच्या दुकानांत अशी घड्याळं अधूनमधून दिसतात, बहुतेक जस्ताची, दमट हवेनं मुलामा काळवंडलेली. लंडनला मुलाबाळांकडे जाणं झालं, तर वॉलेस कलेक्शन चुकवू नका. प्रवेश विनामूल्य आहे, आणि सेव्रचे फलक, गुतियेरचं ब्राँझ आणि पॅरिसची घड्याळं एकाच छताखाली इतकी सापडणारी जागा फ्रान्सबाहेर विरळा.

आणि आपल्याच घरात, आजोबांच्या काळापासून, असं एखादं घड्याळ असेल, तर एक कळकळीची विनंती. ते चिंच, लिंबू, रांगोळी किंवा भांड्यांच्या पावडरीनं घासू नका. देवघरातल्या पितळी समईला जे चालतं, ते इथे चालत नाही. वरचं सोनं केसाहून पातळ आहे, एकदा गेलं की गेलं. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका, फलक ओले करू नका. घड्याळ हलवण्याआधी लंबक काढून ठेवा. काटे उलटे फिरवू नका. पुढे नेताना प्रत्येक ठोका पुरा वाजू द्या, नाहीतर जुन्या मशीनचे ठोके आणि तास यांची फारकत होते. वर्षानुवर्षं बंद असेल, तर चावी देण्याआधी जाणत्या घड्याळजीकडून जुनं वाळलेलं तेल काढून घ्या. तो मशीन बाहेर काढेल तेव्हा मागच्या पाट्याचे फोटो घ्या: ठसा, क्रमांक, लंबकाच्या लांबीचे दोन आकडे. पाट्यावरचा क्रमांक पुष्कळदा लंबकावरही कोरलेला असतो. तो जुळला, तर लंबक मूळचाच आहे. लंबक, चावी आणि घड्याळावर झाकायचा काचेचा घुमट असेल तर तोही, वाटण्यांमध्ये वेगवेगळ्या घरी जाऊ देऊ नका.